फौजदारी धोरणांमुळे माणसे समाजाबाहेर कशी पडतात, याची तुलना कोणत्या मापाने करावी?

मलप्रभाकाठ (खानापूर) – प्रश्न

नमस्कार. खानापुरातील आमच्या अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीसाठी ‘शिक्षा आणि सामाजिक बहिष्करण’ हा विषय घेतला असून त्याचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. देशोदेशींच्या धोरणांची तुलना करणारे जे लेखन हाती लागते, त्यात लाख लोकसंख्येमागे किती माणसे तुरुंगात आहेत हाच आकडा बहुधा पहिल्या परिच्छेदात असतो. या मापाने अमेरिका 500 च्या पुढे जाते, नॉर्वे 50 ते 60 च्या दरम्यान राहतो आणि भारत 40 च्या आसपास येतो. हे माप खरे मानले, तर माणसांना समाजाबाहेर टाकण्याच्या बाबतीत आपला देश नॉर्वेपेक्षाही सौम्य आहे असे म्हणावे लागेल. माझे अडते ते नेमके इथेच, कारण आजूबाजूला जे दिसते त्याच्याशी हे जुळत नाही.

आमच्या भागातील एका वीटभट्टीवर काम करणाऱ्या तरुणाला शेतातील मोटारपंपाच्या चोरीच्या संशयावरून अटक झाली. त्याचे घर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण आमच्या बाजाराला रोज येण्याजोग्या अंतरावर. न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला. त्याचे चुलते प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-बारा, आधार कार्ड आणि घरपट्टीची पावती घेऊन हजर झाले. तेव्हा उतारा महाराष्ट्रातला आहे, इथल्या जमिनीची पहाणी (कर्नाटकातील जमिनीचा उतारा) असलेला जामीनदार आणा, असे त्यांना सांगण्यात आले. इथली जमीन असलेला आणि भट्टीवरच्या मजुरासाठी ती गुंतवायला तयार असलेला माणूस मिळेपर्यंत भट्टीचा हंगाम संपून गेला. मुकादमाने दिलेली उचल फेडण्यासाठी त्याच्या धाकट्या भावाला शाळा सोडून विटा थापाव्या लागल्या. पुढच्या हंगामात मालकाने ‘केस असलेला माणूस नको’ म्हणून त्याला घेतले नाही. खटल्यात अजून एकही साक्ष झालेली नाही.

हा तरुण कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात दिसणार नाही. त्याला शिक्षा झालेली नाही, आणि वर्षअखेरीच्या मोजणीच्या दिवशी तो तुरुंगातही नव्हता. अशी माणसे मोजता येतील असे माप कोणते, आणि त्या मापाने पाहिले तर निरनिराळ्या देशांची धोरणे कशी दिसतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

फौजदारी वकील (बेळगाव)

नमस्कार. आपण सांगितलेला प्रसंग आमच्या बाररूममध्ये कोणालाही नवा वाटणार नाही. माझे मत आधीच सांगतो. किती माणसे आत आहेत यापेक्षा माणसासाठी दार कोणत्या टप्प्यावर बंद होते आणि ते पुन्हा उघडण्याची कायद्यात काय सोय आहे, यावर तुलना व्हायला हवी. अमेरिकेत ते प्रामुख्याने दोषी ठरल्यानंतर बंद होते. आपल्याकडे ते दोषी ठरण्याच्या पुष्कळ आधी, अटक आणि जामीन यांच्यामधल्या काळातच बंद होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. शिवाय ही एका दिवसाची मोजणी आहे. वर्षभरात आत जाऊन काही आठवड्यांनी बाहेर पडणारे त्यात येत नाहीत, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे जे काही जायचे ते त्या काही आठवड्यांतच जाते.

आता जामीनदाराविषयी. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मोतीराम प्रकरणात हाच प्रश्न हाताळला होता. मध्य प्रदेशातील एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या वैयक्तिक मुचलक्यावर सोडण्यास सांगितले, आणि दूरच्या प्रांतात पकडल्या गेलेल्या मल्याळी, कन्नड, तमिळ किंवा तेलुगू माणसाने तिथे मालमत्ता असलेला जामीनदार आणावा कोठून, असा प्रश्न निकालातच विचारला. पुढे 31 जानेवारी 2023 रोजी जामीन धोरणाविषयीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण असल्याचे नोंदवून, अशा प्रकरणांत ती अट घालू नये असे सुचवले. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिन्याभरात जामीनपत्र सादर झाले नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करता येतील का याचा स्वतःहून विचार करावा, हेही त्याच आदेशात आहे.

आदेश इतका स्पष्ट असूनही अडचण उरते, याचे कारण सीमाभागातील वस्तुस्थितीत आहे. मोतीरामच्या बाबतीत जिल्हा वेगळा होता, इथे राज्यच वेगळे आहे. सोयरीक दोन्हीकडे, शेती दोन्हीकडे, पण जमिनीची नोंद एकीकडे ‘भूमी’त तर दुसरीकडे ‘महाभूलेख’मध्ये. अपरिचित नमुन्यातील उतारा खरा की खोटा हे कसे ठरवायचे, ही कर्मचाऱ्यांची भीती मला समजते, कारण बनावट जामीनदारांची प्रकरणे खरोखर घडतात. पण डिजिटल स्वाक्षरी असलेला सात-बारा संकेतस्थळावर पडताळता येतो, आणि तो पडताळून घ्या असा लेखी अर्ज वकिलाने दिला, तर नाकारणाऱ्याला कारण नोंदवावे लागते. तसा अर्ज देणे हे आम्हा वकिलांचे काम आहे आणि ते पुरेसे होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 479 नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याला मुचलक्यावर सोडावे लागते. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे, आणि फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत. जुन्या संहितेपेक्षा हे पाऊल पुढचे आहे, यात शंका नाही. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने, ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित आहे, त्याला हा लाभ नाकारला आहे. कोणतीही चोरी झाली की ठरावीक वस्तीतल्या ठरावीक पोरांना उचलण्याची जिथे पद्धत आहे, तिथे ‘एकाहून अधिक प्रकरणे’ कोणाच्या नावावर साठतात, हे वेगळे सांगायला नको.

शेवटचा मुद्दा कागदपत्रांच्या भाषेचा. आपल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे कामकाज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत चालते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, ही तरतूद जुन्या संहितेतही होती आणि नव्या संहितेच्या कलम 314 मध्येही आहे. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वच गुन्ह्यांच्या बाबतीत सांगितले. स्थानबद्धतेपुरते तर हे 1962 च्या हरिकिसन प्रकरणापासून ठरलेले आहे. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला इंग्रजी आदेश तोंडी समजावून सांगणे त्या प्रकरणात पुरेसे मानले गेले नव्हते. हा अधिकार बेळगावातील मराठी मजुराला जितका आहे, तितकाच कोल्हापुरात किंवा सांगलीत पकडलेल्या कन्नड मजुरालाही आहे. दोन्ही बाजूंनी तो मागितला गेला तरच रुजेल.

वेदगंगा (निपाणी)

वकीलसाहेबांनी सांगितलेला ‘टप्पा’ आणखी मागे नेला पाहिजे, असे मला वाटते. काही समाजांसाठी दार अटकेच्याही आधी, जन्मालाच बंद केले गेले होते आणि ते काम कायद्याने केले होते. मी अनेक वर्षे समाजशास्त्र शिकवले. या भागातील कोणत्याही तुलनेची सुरुवात इथूनच व्हायला हवी, असा माझा आग्रह आहे.

गुन्हेगार जमाती कायदा 1871 मध्ये उत्तर हिंदुस्थानात आला आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. बेळगाव, विजापूर आणि धारवाड हे जिल्हे तेव्हा याच इलाख्यात होते. हुबळी, गदग, विजापूर, सोलापूर अशा ठिकाणी ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या, ओ. एच. बी. स्टार्ट हे अधिकारी या सर्व वसाहतींची देखरेख करीत. कैकाडी, पारधी, घंटीचोर, भाट अशा जमातींतील माणसांना कुंपणाआड ठेवून हजेरी घेतली जाई, पास असल्याशिवाय बाहेर पडता येत नसे, आणि सुधारणेच्या नावाखाली गिरण्यांना व रेल्वेला त्यांच्यातून मजूर पुरवले जात. इथे शिक्षेसाठी गुन्हा लागतच नव्हता. बापाची जात पुरेशी होती.

हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. विमुक्त समाज तो दिवस आजही पाळतात. परंतु त्या जागी राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. मुंबई राज्याने 1959 मध्ये केला, म्हैसूर राज्याने 1961 मध्ये. कागदावर जमात गेली आणि व्यक्ती आली. पोलीस ठाण्यातील वहीत मात्र त्याच वस्त्या, तीच आडनावे राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने 2007 मध्ये भारताला हा सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये विमुक्त-भटक्यांविषयीचा अहवाल दिला, त्यानंतर भिकू इदाते यांच्या आयोगाचाही अहवाल आला. एवढे होऊनही अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींचा उल्लेख ‘सवयीचे गुन्हेगार’ अशा अर्थानेच शिल्लक होता, आणि कोणत्या जातीच्या कैद्याने झाडलोट करायची व कोणी स्वयंपाक करायचा हेही लिहिलेले होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर हे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. म्हणजे रद्द झालेला कायदा तुरुंगाच्या भिंतीआड आणखी 72 वर्षे जगला. माझ्या दृष्टीने या सबंध चर्चेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे, आणि मलप्रभाकाठ यांनी टिपणात तिला भरपूर जागा द्यावी.

आता सीमेच्या संदर्भातली तुलना. लंबाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो. वडार समाजाचेही तसेच. इथे तो भोवी म्हणून अनुसूचित जातींत येतो. एकाच कुटुंबातील दोन भावांपैकी एक निपाणीत आणि दुसरा कागलात राहिला, तर शाळेची फी, वसतिगृह, कर्ज या सगळ्या बाबतींत त्यांना वेगवेगळे दाखले लागतात आणि वेगवेगळे हक्क मिळतात. पोलिसांच्या संशयाला मात्र दाखला लागत नाही. तो दोन्ही राज्यांत सारखाच पोहोचतो. कल्याणकारी योजना सीमेवर थांबते आणि संशय सीमा ओलांडतो, हे मी इथल्या वस्त्यांत वारंवार पाहिले आहे. ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पाल ठोकतात आणि त्या आठवड्यात गावात काही चोरीला गेले, तर पहिली विचारपूस पालावर होते. पालातल्या माणसाचा पत्ता नोंदवलेला नसतो, म्हणून जामीन कठीण. जामीन नाही, म्हणून तो आत राहतो. आणि एकदा आत राहिला, की पुढच्या वेळी वहीत त्याचे नाव आधीच असते.

तडीपारीचाही विचार व्हावा. महाराष्ट्राच्या 1951 च्या आणि कर्नाटकाच्या 1963 च्या पोलीस कायद्यांत माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करण्याची सोय आहे, आणि त्यासाठी खटला चालून दोष सिद्ध होणे आवश्यक नाही. 2022 मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा असाधारण उपाय असून तो मुक्त संचाराच्या मूलभूत हक्कावर घाला घालतो, म्हणून जपून वापरावा, असे बजावले. एका जिल्ह्याने नकोशी ठरवलेली माणसे सीमेपलीकडच्या तालुक्यात जाऊन राहतात. तिथे त्यांची कोणाशी ओळख नसते. गुन्हा रोखण्याचा यापेक्षा उलटा मार्ग मला सुचत नाही.

चिकोडीची वाचक

वरच्या दोन्ही उत्तरांतून पुष्कळ समजले, तरी एक बाजू सुटते आहे असे वाटते म्हणून लिहिते. मी महिला बचत गटांबरोबर काम करते. ज्यांच्या घरी चोरी होते, ज्यांना मारहाण होते, ज्यांच्या मुलींची छेड काढली जाते, त्याही बहुतेक गरीब वस्तीतल्याच असतात. गुरुजींच्या लिहिण्यात पोलीस नको तिथे पोहोचतात. आमच्या बायकांचा अनुभव असा आहे की हवे तिथे पोलीस येतच नाहीत. नवऱ्याविरुद्ध फिर्याद द्यायला गेलेल्या बाईला समजावून घरी पाठवणे, हेही तिला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ठेवणेच आहे. म्हणून ‘दार कुठे बंद होते’ हा प्रश्न आरोपीपुरता न ठेवता फिर्यादीसाठीही विचारावा. पीडितांना भरपाई देण्याची तरतूद जुन्या संहितेत 2009 मध्ये कलम 357-अ म्हणून आली आणि आता नव्या संहितेत ती कलम 396 मध्ये आहे. आमच्या गटांतील बायकांना ती माहीतच नसते, आणि अर्ज कोठे करायचा हे ठाण्यात कोणी सांगत नाही.

दुसरे, कैद्याच्या घरच्यांचे काय? हिंडलग्याला, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती तुरुंगात, भेटीसाठी निघालेल्या बाईचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीला वेळ जातो, भेट काही मिनिटांची होते, आणि परत आल्यावर गावात कोणी लग्नकार्याला बोलावत नाही. तिने कोणता गुन्हा केला? आई तुरुंगात असेल तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ ठेवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या आर. डी. उपाध्याय प्रकरणात ठरवून दिले. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर ते मूल जाते कोठे, हा प्रश्न नातेवाइकांनी पाठ फिरवली असेल तर फार कठीण होतो.

आणि एका गोष्टीला माझा ठाम विरोध नोंदवते. परदेशांत ठरावीक वर्षांनी गुन्ह्याची नोंद पुसतात, तसे इथेही करावे, असे या चर्चेत पुढे येईल. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्याची नोंद पुसली जाऊन तो पुन्हा एखाद्या शाळेत शिपाई म्हणून लागणार असेल, तर ते मला मान्य नाही. सुधारणेची संधी देताना मुलांची सुरक्षितता पणाला लावू नये.

मूळ शहापूरचा (सध्या इंग्लंड)

ताईंनी उपस्थित केलेला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1974 पासून गुन्हेगार पुनर्वसन कायदा आहे. ठरावीक काळ नवा गुन्हा घडला नाही, तर जुनी शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते आणि सर्वसाधारण नोकरीच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. ऑक्टोबर 2023 पासून हा काळ कमी केला गेला: वर्षभरापर्यंतच्या कैदेसाठी शिक्षा संपल्यानंतर एक वर्ष, एक ते चार वर्षांच्या कैदेसाठी चार वर्षे, आणि त्याहून मोठ्या कैदेसाठी सात वर्षे. मात्र गंभीर लैंगिक आणि हिंसक गुन्ह्यांच्या चार वर्षांवरील शिक्षा, तसेच दहशतवादाच्या अशा शिक्षा यातून वगळल्या आहेत, आणि मुलांबरोबर किंवा दुर्बल व्यक्तींबरोबर काम करायचे असेल तर वेगळी, कडक पडताळणी होते. म्हणजे शाळेतील शिपायाची नोकरी आणि गोदामातील हमालाची नोकरी यांत कायदाच फरक करतो. ताईंची चिंता आणि पुनर्वसन या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत बसतात, हे दाखवणारे हे उदाहरण आहे.

भारतात अशी सर्वसाधारण तरतूद नाही. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 24 मध्ये बालकाला दोषनिष्कर्षाची अपात्रता लागू नये आणि नोंद नष्ट व्हावी असे म्हटले आहे. सोळा वर्षांवरील बालकांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा त्याला अपवाद आहे. परिवीक्षा कायदा 1958 च्या कलम 12 मध्ये प्रौढांसाठीही मर्यादित स्वरूपात असे संरक्षण आहे. पहिल्यांदाच चुकलेल्या तरुणाला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडण्याचा हा कायदा 1958 पासून आपल्याकडे असताना त्याचा वापर इतका कमी का होतो, हा प्रश्न अभ्यासमंडळाने जरूर घ्यावा.

मताधिकाराची तुलना मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत मेन आणि व्हर्मांट या राज्यांत कैदी तुरुंगातूनही मतदान करतात. फ्लोरिडात मात्र शिक्षा भोगून झाल्यावरही मताधिकार मिळत नसे. 2018 मध्ये तिथल्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून दहा लाखांहून अधिक माणसांना तो परत देण्याचे ठरवले, आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दंड व न्यायालयीन शुल्क भरल्याशिवाय शिक्षा पूर्ण मानायची नाही असा कायदा केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये कैद्यांचा मताधिकार मान्य केला. ब्रिटनची सरसकट बंदी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2005 मध्ये हर्स्ट प्रकरणात सदोष ठरवली, तरी ब्रिटनने फारच थोडा बदल केला. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 62(5) नुसार तुरुंगात असलेल्या कोणालाही मतदान करता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्तींचा तेवढा अपवाद आहे. परिणाम असा, की एकाच गुन्ह्यातील दोन आरोपींपैकी ज्याच्याकडे जामीनदार आहे तो मत देतो आणि ज्याच्याकडे नाही तो देत नाही, दोघेही कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असताना. शिवाय 2013 च्या दुरुस्तीनंतर कच्चा कैदी तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो. वकीलसाहेब म्हणतात ते ‘शिक्षेआधी बंद होणारे दार’ इथे स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील आणखी एक गोष्ट. 1996 च्या कल्याणकारी कायद्याने अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना अन्नसाहाय्यावर आजन्म बंदी घातली. राज्यांना त्यातून बाहेर पडण्याची मुभा होती आणि पुढे बहुतेक राज्यांनी ती बंदी काढली किंवा सैल केली. शिधा, घर, मत आणि नोकरी ही चारही दारे एकाच दोषनिष्कर्षाने बंद करण्याचे हे धोरण होते.

नॉर्वेचे कौतुक सगळे करतात, मीही करतो. स्वातंत्र्य काढून घेणे हीच शिक्षा, बाकी जगणे शक्य तितके बाहेरच्यासारखे, हे तत्त्व त्यांनी हाल्डनच्या तुरुंगात (2010) इमारतीच्या रचनेपर्यंत नेले. पण तिथेही काही वर्षे कोंग्सविंगर येथे केवळ परदेशी कैद्यांसाठी वेगळा तुरुंग होता. देशाबाहेर पाठवायच्या माणसाला नॉर्वेच्या समाजात परत आणण्याची तयारी कोण करणार? पुनर्वसनाची सीमा नागरिकत्वाशी येऊन थांबते, ही बाब सीमाभागातल्या वाचकांनी लक्षात घ्यावी असे वाटते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. टिपणाची मांडणी आता देशांनुसार न करता टप्प्यांनुसार करतो: संशय, अटक, जामीन, खटला, शिक्षा, सुटकेनंतर, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक टप्प्यावर फिर्यादी व घरचे यांचाही विचार करतो. वकीलसाहेब, एकच गोष्ट विचारायची राहिली. निर्दोष सुटलेल्या मुलाने सरकारी नोकरीच्या अर्जात ‘आपणावर कधी गुन्हा नोंदला होता काय’ या रकान्यात काय लिहावे? आणि ‘रावडी शीट’, म्हणजे पोलीस ठाण्यात एखाद्याच्या नावाने उघडलेली गुंडांची नोंद, एकदा उघडली की ती बंद होते का? आमच्याकडे हे दोन प्रश्न पालक सतत विचारतात.

फौजदारी वकील (बेळगाव)

रकान्यात खरेच लिहावे आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की किरकोळ स्वरूपाचे प्रकरण लपवले गेले असेल तर नियुक्ती अधिकाऱ्याला ते माफ करता येते. उलट बाजूने, खरी माहिती दिली आणि निर्दोषत्व सिद्ध झालेले असले, तरी उमेदवाराच्या पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच. म्हणून निर्दोष सुटका ‘संशयाचा फायदा’ म्हणून झाली की आरोपच टिकला नाही म्हणून, हे निकालातील परिच्छेदासह अर्जाला जोडलेल्या पत्रात दाखवावे. पुष्कळ मुले भीतीपोटी ‘नाही’ लिहितात आणि मग मूळ गुन्ह्यापेक्षा त्या खोट्या उत्तरामुळे नोकरी गमावतात. अठरा वर्षांखाली असताना झालेल्या प्रकरणाबाबत बाल न्याय कायद्याच्या कलम 24 चा आधार घ्यावा आणि अर्ज भरण्यापूर्वी वकिलाला दाखवावा.

रावडी शीट पोलीस नियमावलीच्या आधारे उघडली जाते, न्यायालयाच्या निकालाने नव्हे. ती बंद करण्यासाठी आधी पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे लेखी निवेदन द्यावे. त्यात सर्व प्रकरणांची सद्यस्थिती, निर्दोष सुटल्याचे निकाल आणि अलीकडच्या काळात नवे प्रकरण नसल्याचे नमूद करावे, आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही किंवा कारण न देता नाकारले, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे रिट याचिका करता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्ती यांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. आपल्या बैठकीला समितीच्या पॅनेलवरील एखाद्या वकिलाला बोलावता आले तर अर्जाचे नमुने तिथेच भरून दाखवता येतील. मी त्यासाठी यायला तयार आहे.